फुलांच्या गाथेत थांबायची जागा

लंडनला आले तेव्हा माझ्या बॅगेत साड्या होत्या, हातानं विणलेले स्वेटर होते, जवसाची चटणी होती आणि एक कॅसेट होती. स्वेटर इथल्या थंडीपुढं कुचकामी ठरले, चटणी बघता बघता संपली, साड्या कोटाखाली दडून गेल्या. कॅसेट मात्र कितीतरी वर्षं चालली. तिच्यावर माझ्या आईचा आवाज होता. नागपूरच्या वस्तीतल्या आमच्या घरात, चुलीशेजारी बसून, भावाच्या टेपरेकॉर्डरपुढं तिनं सगळी वंदना म्हटली होती. आधी त्रिसरण आणि पंचशील, मग फुलांची, दिव्याची, धुपाची गाथा. मी तिला म्हटलं होतं, अगं, मला येतं की सगळं, कॅसेट कशाला? तर म्हणाली, तिथं एकटी म्हणशील तर विसरशील, सोबतीला असू दे.

आई शाळेत गेलेली नव्हती. नागपुरात दीक्षा झाली तेव्हा ती नवी नवरी होती. ज्यांनी ती दीक्षा दिली त्यांचा फोटो आमच्या भिंतीवर होता आणि ते लंडनात शिकलेले होते, एवढ्यावरून लंडन हे शहर आमच्या घरात नातेवाइकाच्या गावासारखं होतं. दीक्षेनंतर आई रोज संध्याकाळी विहारात बसून ऐकायची आणि ऐकून ऐकून तिला सगळ्या पाली गाथा पाठ झाल्या. अक्षरं ती नंतर शिकली, माझ्याच पाटीवर, मी पहिलीत असताना. माझ्याआधी तिला काना-मात्रा यायला लागल्या याचा मला भयंकर राग आला होता. राग माझ्या नाकावरच असतो, तेव्हाही होता.

त्या कॅसेटवर एक गंमत होती. फुलांच्या गाथेची पहिली ओळ झाली आणि बाहेर गल्लीत बायकांचा गलका उठला, नळ आले, नळ आले. आई तिथंच थांबली. पाण्याचा पितळी गुंड ओढल्याचा आवाज, पावलं, मग लांबून पाण्याची धार, कुणाची तरी भांडणाची सुरुवात. टेप बंद करायचं भावाच्या डोक्यात आलं नाही, किंवा त्यानं आळस केला. तो तसाच होता. पाणी भरून झालं, आई परत येऊन बसली आणि जणू काही झालंच नाही अशी दुसरी ओळ म्हणायला लागली. आमच्या वस्तीत नळ कुणासाठी थांबत नसे, गाथा थांबायची.

ईलिंगला एका किराणा दुकानाच्या वर आमची खोली होती. हे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायचे आणि उशिरा यायचे. हिवाळ्यात दुपारीच काळोख पडायचा. मी दिवा न लावता कॅसेट लावायची आणि पलंगावर पडून राहायची. खाली दुकानाच्या दाराची घंटी वाजायची, धण्याचा वास जिन्यावरून वर यायचा. थांबण्याची ती जागा आली की माझे डोळे आपोआप मिटायचे. टेपमधली पाण्याची धार बाहेरच्या पन्हळीतल्या पावसात मिसळून जायची आणि मी कुठं आहे ते कळेनासं व्हायचं. आता आई हाक मारेल, ऊठ व, दुसरी बादली लाव, असं वाटायचं. कधीकधी खरंच डोळा लागायचा, आणि जाग यायची तोवर आई धुपापर्यंत पोचलेली असायची.

लहानपणापासून मी ती गाथा एका दमात म्हणत आले होते. पण त्या खोलीतल्या पहिल्या दोन-तीन हिवाळ्यांत काय झालं कोण जाणे, मीही तिथं थांबायला लागले. सकाळी आरशासमोर पुटपुटतानासुद्धा पहिली ओळ झाली की तोंड बंद. पाणी भरून होईपर्यंत वाट पाहायची. ह्यांनी एकदा विचारलं, विसरलीस का? मी म्हटलं, नाही, थांबलेय. ह्यांनी पुढं काही विचारलं नाही. ह्यांचा तो मोठा गुण.

माझं बी.ए. नागपूरचं, तेही फर्स्ट क्लास. इथं त्या कागदाकडं बघून कौन्सिलच्या ऑफिसातली बाई इतकं गोड हसली की मी काय ते समजले. मग विमानात देतात ते जेवण भरायच्या कारखान्यात लागले. लांबलचक टेबल, समोरून ट्रे सरकत येणार, प्रत्येकात एक पाव आणि लोण्याची वडी ठेवायची. हातमोज्यांतही बोटं गारठायची. आजूबाजूच्या पंजाबी बायका गाणी म्हणायच्या आणि मी मनातल्या मनात वंदना. ते ट्रे कुठल्या विमानात चढत असतील, त्यातलं एखादं मुंबईला जात असेल आणि मी ठेवलेला पाव कुणीतरी आमच्या दिशेनं जाताना खात असेल, असले विचार करत शिफ्ट संपायची.

आईच्या पत्रात दर वेळी शेवटी एकच वाक्य असायचं, शिकून राहिली ना? त्या वाक्याची मला धास्ती वाटायची. शेवटी संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं. शिफ्ट करून डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या सीटवर बसायची, झाडांच्या फांद्या काचेला घासत जायच्या आणि मी पुस्तक उघडं ठेवून झोपी जायची. कंडक्टर ओळखीचा झाला होता, स्टॉप आला की खांद्यावर टकटक करायचा. मुलगी झाली, तिला पाळण्यात घालून निबंध लिहिले. असं करत करत मी प्राथमिक शाळेची शिक्षिका झाले. ज्या दिवशी नेमणुकीचं पत्र आलं त्या दिवशी मी जिन्यातच बसून रडले, खालच्या दुकानदारानं घाबरून पाणी आणून दिलं.

आता आमच्या माणसांविषयी सांगते. लंडनात मराठी माणसं पुष्कळ होती, डॉक्टरांची घरं तर विचारू नका. सुरुवातीला गणपतीला आम्हालाही बोलावणं यायचं. जेवण छान असायचं. पण आडनाव सांगितलं की समोरची बाई जरा वेळ वाटीतल्या आमटीकडं पाहायची आणि मग विचारायची, म्हणजे मूळचे कुठले? मूळचे कुठले हे तिला कळलेलंच असायचं. एकदा मी म्हटलं, मूळची ईलिंगची. हे घरी येईपर्यंत गाडीत हसत होते. त्यानंतर बोलावणं कमी झालं आणि मला त्याचं सुतक नव्हतं.

आमची म्हणून जी बौद्ध कुटुंबं होती ती विखुरलेली. कुणी क्रॉयडनला, कुणी रीडिंगला, बाकी आमच्या बाजूला. रविवारी दुपारी आम्ही एका चर्चचा हॉल भाड्यानं घ्यायचो. सकाळी तिथं त्यांची प्रार्थना, दुपारी आमची वंदना. टेबलावर पांढरी चादर टाकून बुद्धमूर्ती ठेवायची, शेजारी तो फोटो, फुलं, मेणबत्त्या. वंदना झाली की चिवडा आणि चहा. चर्चचे पाद्री म्हातारे होते, ते कधीकधी मागं येऊन बसायचे आणि चहा होईपर्यंत हलायचे नाहीत.

या सगळ्याचे कर्ते म्हणजे काका. ते कुणाचेच सख्खे काका नव्हते, सगळ्यांचे होते. साठच्या दशकात आले, रेल्वेत नोकरी केली, आणि आवाज असा की स्टेशनात गाडीची घोषणा त्यांनी माइकशिवाय केली असती. लंडनच्या आसपास आमच्यातलं कुठलंही लग्न असो, ते काकाच लावायचे. आमच्यात लग्नाला भटजी नसतो. नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत मूर्तीपुढं बसतात, फुलं वाहतात. ज्याला गाथा येतात आणि ज्याला लोक मानतात असा एकजण समोर उभा राहून ओळ सांगतो, आणि सगळी मंडळी ती त्याच्यामागून म्हणतात. रजिस्ट्रारकडं सही करून झालेली असली तरी लोक हे झाल्यावरच लग्न झालं म्हणतात.

तर, मला ते करायचं होतं. मला लग्न लावायचं होतं. आडवळणानं कशाला सांगू? काका पुढं उभे राहून ओळ सांगायचे आणि सगळा हॉल ती उचलून धरायचा, तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा आणि पोटात हेवा वाटायचा. गाथा मला त्यांच्याइतक्याच येत होत्या. बाईनं लग्न लावू नये असं आमच्या धम्मात कुठंही लिहिलेलं नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण लावत मात्र नव्हती कुठलीच बाई. बायकांकडं चिवडा होता.

माझ्याकडं चिवड्याबरोबर मुलंही आली, कारण मी शाळेत शिकवते. रविवारी वंदनेआधी हॉलच्या मागच्या खोलीत वर्ग भरायचा. आमची पोरं इथं जन्मलेली, मराठी मोडकीतोडकी, पाली तर कुणी ऐकलेली नाही. मी आईची कॅसेट लावली आणि सांगितलं, हिच्यामागून म्हणा. पहिल्याच दिवशी फुलांच्या गाथेत आवाज थांबला आणि पोरं माझ्याकडं पाहायला लागली. काकांची नात, सात-आठ वर्षांची, तिनं विचारलं, टेप मोडला? मी सहज बोलून गेले, नाही गं, माझी आई पाणी भरायला गेलीय, येईल आत्ता. पोरांनी हात जोडलेले तसेच ठेवले आणि वाट पाहिली.

तेव्हापासून दर रविवारी तसंच. मोठी मुलं लहानांना सांगायची, इथं थांबायचं. पुढं कॅसेटची गरज उरली नाही, तरी ती जागा आली की वर्ग चिडीचूप व्हायचा. रेडिएटर कुठंतरी ठकठक करायचा, बाहेरून एखादी बस जायची. कुणी खुसखुसत नसे. एरवी ह्याच पोरांनी माझ्या नाकी नऊ आणलेले असायचे. कुठून कळायचं त्यांना कोण जाणे, पण सगळी एकदम दुसरी ओळ उचलायची. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. खरं सांगायचं तर मला आठवड्यातला तो क्षण सगळ्यांत आवडायचा. मोठ्यांना याचा पत्ता नव्हता, कारण मोठ्यांची वंदना वेगळी व्हायची आणि मुलं तेव्हा बिस्किटांच्या मागं असायची.

मग काकांचा घसा गेला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज वाचला नाही. बोलले की पत्र्यावर खडे घासल्यासारखं वाटायचं. आता लग्नं कोण लावणार म्हणून कमिटी बसली. कमिटी म्हणजे काका आणि त्यांचे समवयस्क पुरुष. मी चहाचा ट्रे ठेवला आणि तिथंच उभी राहिले. म्हटलं, मी लावते. कुणी नाही म्हणालं नाही, हो पण म्हणालं नाही. एकजण चहात साखर ढवळत बसले, आधीच घातलेली होती तरी. शेवटी काकांनी त्या घोगऱ्या आवाजात सांगितलं की वैशाख पौर्णिमेला नागपूरहून भन्ते येणार आहेत, ते मुलांचा वर्ग पाहतील, तुझी तयारी पाहतील, मग ठरवू. माझी तयारी! मी मनात म्हटलं, बघाच.

त्या पौर्णिमेला हॉल गच्च भरला होता. भन्ते म्हणजे वयस्कर भिक्खू, बारीक, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. मुलांना पांढरे शर्ट घालून मी पुढं बसवलं. त्रिसरण झालं, पंचशील झालं, उच्चार असे स्वच्छ की मागच्या बायका माना डोलवायला लागल्या. मी काकांकडं पाहिलं, तेही मान डोलवत होते. मग फुलांची गाथा आली. पहिली ओळ झाली आणि मुलं थांबली.

भन्ते थांबले नाहीत, ते कशाला थांबतील? त्यांनी दुसरी ओळ सुरू केली, आपण एकटेच म्हणतोय हे लक्षात आल्यावर तेही गप्प झाले, त्यांना वाटलं मुलं विसरली, म्हणून त्यांनी ओळ पुन्हा सांगितली, आणि नेमकी तेव्हाच मुलांची पाणी भरायची वेळ संपली. सगळा गोंधळ. माझ्या डोळ्यांसमोर हॉल हलायला लागला. असं वाटलं की हे स्वप्न आहे आणि मी अजून त्या दुकानावरच्या पलंगावरच पडलेय.

वंदना कशीबशी संपली. भन्ते रागावले नव्हते. त्यांनी काकांच्या नातीला, ती आता चांगली मोठी झाली होती, जवळ बोलावून विचारलं की बाळ, तिथं का थांबलात? तिनं आपल्या मराठीत, अगदी आदबीनं उत्तर दिलं.

"मावशीचं आई तिकडे पाणी भरायला जाते. ती परत येते तोपर्यंत आपण थांबतो."

भन्त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी सगळी हकिकत सांगितली. ते म्हणाले की पाठ अखंड म्हणायला हवा, मुलांना तसा शिकवा. बोलणं बरोबरच होतं, मी मान डोलावली. पण चहाच्या वेळी काका कुणालातरी म्हणाले, ही पोरांना धम्म शिकवते की आईच्या बादल्या? आणि माणसं हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईच्या बादल्या! ज्या पाण्यासाठी आमच्या आज्या-पणज्या गावकुसाबाहेर हात पसरून उभ्या राहिल्या ते पाणी घरापाशी आलं, म्हणून माझी आई उठली होती. हे सगळं मला तिथं म्हणायचं होतं. त्याऐवजी मी कपबश्या विसळत बसले.

घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, गेली ती कमिटी खड्ड्यात, मी पुन्हा हॉलचं तोंड पाहणार नाही. हे म्हणाले, बरं. पुढच्या रविवारी ह्यांनी गाडी काढली आणि दार उघडून उभे राहिले. मी चडफडत बसले.

हॉलमध्ये जाऊन मी भन्त्यांनी नागपूरहून आणलेली दुसरी कॅसेट लावली. त्यात एका पुरुषाचा खणखणीत आवाज होता, मागं वाद्यं होती, कुठं खंड नव्हता. मुलांना म्हटलं, आजपासून असं. एकदोघांनी विचारलं, मग आजी? मी म्हटलं, आजीचं पाणी भरून झालंय. महिन्याभरात त्यांची सवय मोडली. वर्ग नीटनेटका म्हणायला लागला आणि मला रविवार नकोसा व्हायला लागला. पण मला ती पुढं उभं राहायची जागा हवी होती, आणि तिच्यासाठी मी हे केलं.

केलं आणि काय मिळालं? कमिटीनं रीडिंगच्या एका कॉम्प्युटरवाल्या मुलाला नेमलं. मुलगा भला होता, पण कागदावरून वाचायचा, आणि पान उलटताना नवरा-नवरी ताटकळायचे. मी त्या लग्नांत तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसायची. तो अडखळला की ओठांशी शब्द यायचा आणि मी तो गिळायची.

काही वर्षं अशीच गेली. शाळेत मला बढती मिळाली. आई म्हातारी झाली, तिच्या गुडघ्यांनी दगा दिला, भावाच्या घरी फोन आला आणि पत्रं बंद झाली. मी दिवसा इंग्रजी पोरांचे पाढे ऐकायची आणि कधी खिडकीतून ओल्या मैदानाकडं पाहता पाहता तंद्री लागायची. मुलं म्हणायची, मिस, मिस, तुम्ही कुठं आहात?

अशात एका शनिवारी दुपारी काका आमच्या दारात उभे. बरोबर कुणी नाही. कोट काढला नाही, सोफ्याच्या कडेवर बसले, चहा घेतला, हवेवर बोलले, गुडघ्यांवर बोलले. मग नातीचं लग्न ठरल्याचं सांगितलं. ती क्रॉयडनला एका ऑफिसात नोकरी करत होती, मुलगा नागपूरकडचाच, इथं शिकायला आलेला. मी अभिनंदन केलं. काका कपात पाहत राहिले. घोडं कुठं अडलंय ते मला कळेना, आणि कळलं तेव्हा मी मुद्दाम मदत केली नाही. बसा म्हटलं.

शेवटी बोलले. नात म्हणते, मावशी लावणार असेल तरच पाटावर बसेन, नाहीतर रजिस्ट्रारची सही पुरे. आईबापांनी समजावलं, ती ऐकत नाही.

"आणि तुमचं म्हणणं काय, काका?" मी विचारलं.

त्यांनी कप बशीत ठेवला. मग त्या फुटक्या आवाजात म्हणाले, "माझा गळा असता तर मीच लावलं असतं. आता तू लाव."

यात कौतुक नव्हतं, माफी तर नव्हतीच. पण मला कौतुक नको होतं. मी म्हटलं, लावते. जाताना दारात वळून त्यांनी विचारलं, मध्येच थांबणार नाहीस ना? मी म्हटलं, नाही. ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन तांदूळ निवडायला घेतले. तांदूळ आधीच निवडलेले होते.

लग्न त्याच चर्चच्या हॉलमध्ये झालं. मी पांढरी साडी नेसले, निळ्या काठाची. नवरी पांढऱ्या साडीत, आणि चर्चचे नवे पाद्री कौतुकानं म्हणत होते की तुमच्याकडंही पांढराच वेष का, किती छान. मी मूर्तीपुढं मेणबत्त्या लावल्या आणि वळून उभी राहिले. आजवर हा हॉल मी मागून पाहिला होता. समोरून तो फार मोठा दिसतो. पहिल्या रांगेत कमिटी. मागं बायका, त्यांच्यातल्या कितीजणी मला बघून आधीच डोळे पुसायला लागल्या होत्या. कडेला माझ्या वर्गातली मुलं, आता मिशा फुटलेली, उंच टाचांची.

मी सरणाची पहिली ओळ सांगितली. ती मागून म्हणायची असते. बायकांचा आवाज आला, मुलांचा आला. पहिली रांग गप्प होती. ओठ मिटून, हात जोडून, मूर्तीकडं बघत. दुसरी ओळ सांगू की थांबू? तेवढ्यात काकांनी ती पहिली ओळ म्हटली. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, एकट्यानं, त्या घासलेल्या आवाजात, शेवटच्या अक्षरापर्यंत. त्यांचं म्हणून होईपर्यंत हॉलमध्ये कुणी हललं नाही. दुसऱ्या ओळीला सगळी रांग होती.

पुढचं मला तुटक आठवतं, झोपेत पाहिल्यासारखं. मी नवरीच्या हातांवर हात ठेवला. फुलांची गाथा एका दमात झाली, कुणी थांबलं नाही, मीही नाही. हार घातले, फुलं उधळली, कुणीतरी माझ्या पाया पडायला वाकलं आणि मी ओरडले की आमच्यात असलं चालत नाही. काका बाहेर जाऊन गाड्या लावणाऱ्यांना रागावत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला फोन लावला. भावानं आईला फोनपाशी आणून बसवलं. मी सांगितलं, आई, मी काल लग्न लावलं. तिला वाटलं मी कुणाचंतरी जमवून दिलं. नाही गं, म्हटलं, मी उभी राहून लावलं, ओळी मी सांगितल्या, सगळी माणसं माझ्यामागून म्हणत होती, पुरुषसुद्धा. मग तिचे प्रश्न सुरू झाले. कोणती साडी नेसलीस? आवाज फाटला का? नवरदेव हसत तर नव्हता? आशीर्वादाच्या गाथा सगळ्या घेतल्यास की आखूड केल्यास? मी म्हटलं, सगळ्या. मला वाटलं आता ती म्हणेल, शाबास. माझं वय पंचेचाळिशीकडं झुकलं होतं तरी मला ते ऐकायचं होतं.

"मलेबी सगळ्या येत होत्या," आई म्हणाली. "पण मले कधी कोनं इचारलंच नाही."

तक्रार नव्हती तिच्या आवाजात. मी फोन धरून उभी राहिले आणि आमच्या गल्लीतली लग्नं माझ्या डोळ्यांपुढं यायला लागली. दारापुढचा तो कापडी मांडव, सतरंज्या, मागच्या रांगेत मांडीवर कुणाचं तरी मूल घेऊन बसलेली आई, तिचे हलणारे ओठ, आणि लग्न लावायला दुसऱ्या वस्तीतून सायकलवर आणलेला तो माणूस, ज्याला आशीर्वादाच्या गाथा अर्ध्याच यायच्या. वस्तीतल्या सगळ्यांना ते माहीत होतं. मलाही होतं. मी तिच्या शेजारीच बसलेली असायची.